थंड अंड्यांची राखण

कड्याच्या राखणदाराला जगाचा एकच हिशेब ठाऊक होता: अंड्याला हात लावेल तो चोर. पूर्वी लोक दोर सोडून कड्यावर उतरायचे आणि समुद्रपक्ष्यांची अंडी टोपल्या भरभरून न्यायचे. राखणदाराने एकेकाला पळवून लावलं. सख्ख्या साडूलाही सोडलं नाही. त्याची टोपली जप्त करून आपल्या कोठीत टांगली. दोन्ही घरांचं येणं-जाणं तेव्हापासून बंद. राखणदाराच्या मते सौदा फायद्याचाच होता.

मग एका जहाजातून तेल सांडलं. किनाऱ्यावर मेलेले पक्षी लोकांनी उचलले, हळहळले आणि घरी गेले. कड्यावरचे मात्र वाचले. त्यांच्या पोटाच्या पिसांना तेवढा तेलाचा हात लागला होता. ते परतले, उघड्या दगडावरच्या आपापल्या अंड्यावर बसले आणि पोटावरचं तेल अंड्यांना माखलं. राखणदाराने दुर्बिणीतून पाहिलं. "बसलेत ना? मग झालं."

बायकोचा जन्म कोंबड्या पाळण्यात गेलेला. ती म्हणाली, "अहो, तेल माखलेल्या अंड्याला श्वास कुठून मिळणार? गेलीत ती. काढून टाका, म्हणजे पुन्हा घालतील. अजून हंगाम आहे."

"मी अंडी काढू?"

"नाही, मी उतरते दोराला धरून. या गुडघ्यांनी."

बोट चालवणारा तिचा भाऊ हसला. "दाजी, कुंपणानेच शेत खायची वेळ आली म्हणायचं."

राखणदार हसला नाही, चिडलाही नाही. उद्या बघू, म्हणाला. मग रोजच उद्या. सकाळी बोटीतून जायचा, पक्षी बसलेले पाहायचा, परतून जेवायचा. भाजीत मीठ नाही हे बायकोलाच आधी कळायचं.

अंड्यांतून पिल्लं बाहेर पडायची वेळ आली आणि गेली. शेजारच्या कड्यावर, जिथे तेल पोहोचलं नव्हतं, तिथे चिवचिवाट सुरू झाला. इकडे नुसता वारा.

तेव्हा राखणदार दोर सोडून कड्यावर उतरला. कोठीत टोपली एकच होती, साडूची. पहिल्या पक्ष्याने मनगटाला चोच मारली. रक्त आलं. त्याने ते दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं पाहिलं आणि अंडं उचलून उन्हासमोर धरलं. आत काहीही हललं नाही. त्याने ते टोपलीत ठेवलं. मग पुढचं.

खाली थांबलेल्या बोटीत मेहुण्याने विचारलं, "आता पुन्हा घालतील?"

"हंगाम सरला."

वर पक्षी परतले होते. रिकाम्या दगडावर पोट टेकून, पिसं फुलवून, पूर्वीसारखेच बसले होते. बोट धक्क्याला लागल्यावर मेहुण्याने अंडी खड्ड्यात पुरली आणि टोपली धुऊन आणली.

"ही परत कोठीत टांगू, दाजी?"

"नको," राखणदार म्हणाला. "साडूला देऊन ये."