मी मळलेली काच नाही

मित्रांनो, मी एक जुनी दुधी काच आहे आणि आधीच सांगून ठेवते, मी मळलेली नाही.

कारखान्यात इतर काचा घासूनपुसून गुळगुळीत केल्या. माझ्यावर मात्र मुद्दाम बारीक वाळूचा मारा करून मला खरबरीत केले. तेव्हा वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पुढे काकडीच्या काचघराच्या छपरावर चढले आणि माझे काम मला कळले. साधी काच ऊन आले तसे सरळ खाली सोडते. मग वरचे पान करपते आणि त्याच्या सावलीतले खालचे पान उपाशी राहते. मला असा पंक्तिप्रपंच खपत नाही. मी ऊन विखरून पानापानापर्यंत पोचवते. थोडा उजेड माझ्यातच अडतो, हे कबूल. उरलेला मी सगळ्यांना वाटते.

काचघर थोरल्या बहिणीचे. बारा वर्षे ती माझ्याखाली सुतळीवर वेली चढवत होती. मग तिचा गुडघा दुखावला आणि कारभार धाकटीकडे आला. धाकटीला स्वच्छतेचे भारी वेड. तिने दोन दिवस मला साबण लावून घासले. मी काही उजळले नाही. उजळणार कशी?

"किती वर्षांची घाण आहे ही!" म्हणत तिने अर्धे छप्पर उतरवून पारदर्शक काचा बसवल्या आणि मला पाण्याच्या टाकीमागे टेकवले. आणखी काचा आल्या की माझ्या उरलेल्या सोबतिणीही उतरणार होत्या आणि आम्ही सगळ्या भंगारात जाणार होतो. माझ्यावर शेवाळ चढले. मी रडले नाही. मला भयंकर राग आला होता.

तीन आठवड्यांनी थोरली काठी टेकत आली.

"पानांच्या कडा जळल्यात बघ."

"पाणी कमी पडलं असेल, ताई."

"माझ्याच्याने वाकवत नाही. तू वाक आणि खाली बघ."

धाकटी वाकली. नव्या काचांखाली तळाची पाने पिवळी पडली होती आणि काकड्या बोटभर होऊन सुकल्या होत्या. मग ती दुधी काचांखाली गेली. तिथे वेली तळापर्यंत हिरव्या होत्या आणि काकड्या लोंबत होत्या. पाणी दोन्हीकडे सारखेच होते. ते तिनेच तर घातले होते.

"पण किती कळकट दिसतात गं त्या!"

"दिसू देत. काकड्यांना कुठं बाहेरची गंमत बघायचीय?"

धाकटी हसली नाही. टाकीमागून तिने मला ओढले, तेव्हा माझा एक कोपरा तुटला. तशीच तिने मला वर चढवले.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ जरूर पुसा, शेवाळही काढा. पण एखादीतून आरपार दिसत नाही म्हणून तिला भंगारात टाकण्याआधी जरा वाकून बघण्याचे कष्ट घ्या. आता पावसात मी थोडी गळते. गळेन! आज अगदी तळाच्या पानाशी एक काकडी धरली आहे. ती माझी आहे.