मामूंचा मिठाईचा डबा

"वशिल्याशिवाय पीएचडी मिळत नाय," असं मामू म्हणाले की माझं डोकं फिरायचं. मामू वाळूजच्या एका कंपनीत सुपरवायझर आहेत आणि कुठल्याही साहेबाकडं मिठाईचा डबा घेतल्याशिवाय जात नाहीत. माझ्यासाठीही त्यांनी एक साहेब हेरला होता. काजूकतलीचा डबा फ्रिजमध्ये तयारच होता.

मी प्राणिशास्त्रात एमएस्सी केलेली, अभ्यास वाळवीचा. फेलोशिपची जागाही मी प्राणिशास्त्रातच शोधत होते आणि सगळीकडून नकार येत होते. शेवटी एकदा वैतागून फेलोशिपच्या वेबसाइटवर विषयाचा रकाना रिकामा सोडला आणि नुसतं वाळवीचं इंग्रजी नाव टाकलं. पहिलीच जागा निघाली ती इमारतींच्या विज्ञानाची, तीही जर्मनीत! विजेवाचून घर थंड कसं ठेवायचं, हे त्यांना भर उन्हातही आतून गार राहणाऱ्या वाळवीच्या वारुळांकडून शिकायचं होतं. इमारती कळणारे त्यांच्याकडं ढीगभर होते, वाळवी कळणारं कुणीच नव्हतं.

ऑनलाइन मुलाखतीत मी अभ्यासासाठी पालथ्या घातलेल्या पिशोर गावच्या बांधावरच्या वारुळांबद्दल बोलत सुटले. तिथल्या प्राध्यापक बाईंनी मला एकदाही थांबवलं नाही.

आज निवड झाल्याचा मेल आला. फी नाहीच, उलट दरमहा पगार. अम्मी रडायलाच लागली. मामूंनी मेल दोनदा वाचला आणि हळूच विचारलं, "गजाला, खरं सांग. वशिला कुणाचा लावलास?"

"वाळवीचा!" मी म्हटलं, आणि त्यांच्याच डब्यातली काजूकतली त्यांच्या तोंडात कोंबली.