उसना तळ

पान १. पहिल्या ओळीत नायिका संकटात सापडलेली असावी.

नायिका नाहीच. नायक आहे, सत्तेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला, आणि तो सदतीस माणसांची भाताची भांडी घासतोय.

नाव सेल्मो. पण मनिलाच्या बसथांब्यांवर, ब्यूटी पार्लरांत आणि हाँगकाँगला घरकामाला गेलेल्या बायकांच्या उशीखाली तो मार्सेला दे लुना या नावाने नांदत होता. मार्सेलाबाईंच्या एकशे चाळीस प्रेमकादंबऱ्या. प्रत्येक बरोबर एकशे अठ्ठावीस पानांची, खिशात मावेल अशी, मुखपृष्ठावर केस उडत असलेलं जोडपं. कितव्या पानावर काय घडायचं याचा प्रकाशकाने एक कागदच देऊन ठेवला होता. सेल्मोने तो इतकी वर्षं पाळला की स्वतःचं आयुष्यही त्याला त्याच पानांनी मोजायची खोड लागली. म्हणून इथेही तीच पानं. दुसरी मोजपट्टी त्याच्याकडे नव्हती.

चार दिवसांत एक कादंबरी. चार दिवस माणूस जागा राहत नाही, शाबू नावाचं ड्रग त्याला जागं ठेवतं. पांढरे खडे, काचेची नळी, खालून लायटर. पहिल्या दिवशी नायिका सुचते, दुसऱ्या दिवशी ती सुंदर होते, तिसऱ्या दिवशी तिचं नाव बदलतं आणि लेखकाला पत्ताच नसतो. अकरा वर्षं हे चाललं. मग बायकोने, पेर्लाने, त्याला सिलांगच्या अननसाच्या शेतांमध्ये ‘नवी पहाट’ नावाच्या सुधारगृहात आणून टाकलं. त्याला आता नऊ महिने झाले होते.

आणि येत्या चौदा तारखेला त्याची मुलगी आयला-मे अठरा वर्षांची होणार होती. अठराव्या वाढदिवसाला मुलगी अठरा पुरुषांबरोबर एकेक करून नाचते. प्रत्येकाच्या हातात एक गुलाब, आणि शेवटचा गुलाब बापाचा. आयला-मेची चिठ्ठी आली होती: ‘पापा, शेवटची जागा तुमची. नाही आलात तर मी दुसऱ्या कुणाला घेणार नाही. गाणं संपेपर्यंत एकटी उभी राहीन. सगळ्यांसमोर.’

पोरगी बापावर गेली होती.

पान २०. नायकाचा भूतकाळ. दीड पानापेक्षा जास्त नको, वाचक कंटाळतो.

‘नवी पहाट’मधून बाहेर पडायला एकच दार होतं: जीवनकथा. घरच्या माणसांसमोर उभं राहून आपली कहाणी वाचायची. तिच्यात ‘तळ’ हवा, म्हणजे ज्याच्या खाली माणूस जाऊच शकत नाही असा प्रसंग. मग इथल्या सगळ्यांनी हात वर केले आणि समुपदेशक सर ओस्कार यांनी मान हलवली, की सुटका. नाहीतर आणखी तीन महिने.

सर ओस्कार एकेकाळी पोलीस होते. जप्त केलेला माल स्वतःच ओढता ओढता ते आतल्या बाजूला आले आणि गेली सतरा वर्षं नशेला शिवले नव्हते. त्यांना खोटं लांबूनच वास येऊन कळायचं. आणि बहुतेकांचा तळ असायचा अगदी मचूळ. बसकंडक्टर आर्नेलने पहिल्यांदा लिहिलं ते असं: ‘ओढायचो. बायको गेली. नोकरी गेली. इथे आलो.’

“हे काय आहे, तिकीट?” सर ओस्कार म्हणाले. “तळ कुठाय?”

“हाच की, सर.”

“हे पायपुसणं आहे. अजून खाली उतर.”

म्हणून लोक सेल्मोकडे येऊ लागले. तीन कॉफीच्या पुड्यांत एक तळ. पहिला त्याने एका शिंप्याला दिला: दवाखान्यात अदलाबदल झालेला जुळा भाऊ, वादळ, होडी. सर ओस्कारनी दुसऱ्याच परिच्छेदाला हात वर केला. “थांब. हे मार्सेला दे लुनाचं आहे. माझी बायको वाचते.”

मनाने रचलेलं चालत नव्हतं. खरं हवं होतं, आणि खऱ्याचा साठा सेल्मोकडे एकच होता, स्वतःचा. मग त्याने शिंप्याला आपला पंखा दिला: एप्रिलच्या उकाड्यात, झोपलेल्या सहा वर्षांच्या मुलीच्या उशाशी फिरत असलेला पंखा काढून नेऊन विकला, तो प्रसंग. शिंप्याच्या आईने ऐकून छाती पिटली. शिंपी त्याच संध्याकाळी घरी. एका वेल्डरला त्याने आपल्या आईची कवळी दिली. ती त्याने गहाण ठेवली होती आणि महिनाभर आईने पेज खाल्ली होती. वेल्डरही सुटला. जाताना तो सेल्मोच्या गळ्यात पडला. “कुया,” तो म्हणाला, कारण वयाने मोठ्याला इथे सगळे कुयाच म्हणतात, “कुया, मला खरंच वाटायला लागलंय की ती माझीच आई होती.”

सेल्मोला या वाक्याचा अभिमान वाटला होता. हे नमूद करायला हवं.

पान ६४. चुंबन.

चुंबन आहे, पण चार वर्षांपूर्वीचं, आणि मयताच्या घरातलं.

पेर्लाचे वडील मालाबोनला वारले. सहा दिवस शवपेटी ओसरीत, रस्त्यावर पत्त्यांची टेबलं, येणारा-जाणारा दुखवट्याचे पैसे बिस्किटांच्या निळ्या डब्यात टाकतोय. पाचव्या पहाटे सेल्मोने तो डबा रिकामा केला. खिशात ठेवावेत तर गळ्यात पडणाऱ्या मावश्यांचे हात खिशापर्यंत पोचायचे. पेटीखाली म्हाताऱ्याचे बूट होते. मेलेल्याच्या पायात बूट ठेवत नाहीत, नंतर त्याची पावलं घरात वाजायला नकोत म्हणून. सेल्मोने नोटा त्या बुटांत अंथरल्या आणि बूट पायात घातले. दोन नंबरांनी लहान. प्रेतयात्रेत तो स्मशानापर्यंत लंगडत गेला.

पेर्लाने ते बूट पाहिले. रस्त्याच्या मधोमध, शंभर माणसांत, पाद्र्याच्या देखत तिने त्याच्या तोंडाचा मुका घेतला. “बाबांचे बूट घालून चालतोस,” ती हुंदके देत म्हणाली. “दुखत असूनसुद्धा.”

रिकामा डबा सापडला तो तिच्या थोरल्या भावाच्या, डेन्सियोच्या डोक्याखाली. डेन्सियो दारू पिऊन पत्त्याच्या टेबलाखाली पडला होता आणि त्याने हाताला लागलेला डबा उशाला घेतला होता. पेर्लाने त्याला घराबाहेर काढलं. चार वर्षं त्याचं नाव नाही, फोन नाही. सेल्मोने त्या चार वर्षांत तेवीस कादंबऱ्या लिहिल्या आणि या बाबतीत चकार शब्द काढला नाही.

पान ९०. गैरसमज. टाळता येण्यासारखा, पण टाळू नये.

आर्नेल पाच पुड्या घेऊन आला. “कुया सेल्मो, एक चांगलासा दे. तीनदा परत आलोय मी. सर म्हणतात, मी रडत नाही.”

सेल्मोकडे चांगला असा एकच उरला होता, डब्याचा. तो स्वतःसाठी ठेवावा, तर पेर्लासमोर वाचायचा कसा? आणि नुसता पोटात ठेवावा, तर तो रोज जेवणानंतर वर यायचा. आर्नेलचं वाचन शनिवारी, आपलं पुढच्या शनिवारी. आर्नेलची बायको त्याला सोडून गेलेली, नऊ महिन्यांत फिरकली नव्हती. म्हणजे ऐकणार कोण? आपल्या वाचनाला कॉम्प्युटर गहाण टाकल्याचा प्रसंग पुरे. तो पेर्लाला माहीतच होता, तीच दुकानातून सोडवून आणायला गेली होती.

“सासरा मेलाय असं समज,” सेल्मो म्हणाला.

“माझा सासरा?”

“तुझाच. पाठ कर. बूट विसरू नकोस, बुटांशिवाय हे काहीच नाही.”

आर्नेलने पाठ केलं, अठरा वर्षं थांब्यांची नावं पाठ केली होती तशा निष्ठेने.

त्या शनिवारी वादळ आलं, रस्त्यावर झाडं पडली, एकही पाहुणा पोचला नाही. सर ओस्कारनी फळ्यावर लिहिलं: दोन्ही वाचनं पुढच्या शनिवारी, एकत्र. आधी आर्नेल, मग सेल्मो.

सेल्मो रात्रंदिवस आर्नेलच्या मागे लागला. “बूट काढून टाक. टोपी कर. छत्री कर.”

“पण तूच म्हणालास ना, बुटांशिवाय काहीच नाही?” आर्नेल दुखावला. “आता तर मला रडू येतंय त्याने. कॉफी परत हवी तर घे, बूट मी सोडणार नाही.”

पान ११०. सत्य तिसऱ्याच माणसाच्या तोंडून कळतं.

प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर फुगे. तिसऱ्या रांगेत पेर्ला, पिवळ्या ब्लाउजमध्ये, मांडीवर चौदा तारखेच्या पाहुण्यांची यादी. आणि सगळ्यात मागे, दारापाशी, एक बाई आत येऊन उभी राहिली. आर्नेलने तिला पाहिलं आणि त्याचा आवाजच बदलला. नऊ महिन्यांनी बायको आली होती.

आता तो वाचत नव्हता, गात होता. निळा डबा. पाचवी पहाट. पेटीखालचे बूट.

“मी त्यांत नोटा अंथरल्या, आणि लंगडत लंगडत त्यांच्या पेटीमागे चाललो. आणि माझ्या बायकोला वाटलं, मी प्रेमापोटी...” खरोखरची आसवं. अख्खं सभागृह नाक ओढत होतं. सर ओस्कारनी चष्मा काढला होता.

सेल्मो पेर्लाकडे बघत नव्हता. तो तिच्या मांडीवरच्या यादीकडे बघत होता. यादी हलायची थांबली होती.

“एक मिनिट,” दारातली बाई म्हणाली. “माझे बाबा जिवंत आहेत.”

कुणीतरी फिस्सकन हसलं.

“खरंच जिवंत आहेत! आत्ता घरी कोंबड्यांना दाणे टाकताहेत. आर्नेल, तू कुणाच्या मयताला गेला होतास?”

आर्नेलने डोळे पुसले. कंडक्टर माणूस, चुकीचं तिकीट हातात घेऊन उभा राहावा तसा कागदाकडे बघत राहिला.

सर ओस्कारनी चष्मा परत चढवला. “बरोबर विचारतायत बाई. हे मयत कुणाचं?”

“माझ्या वडिलांचं,” पेर्ला म्हणाली.

ती ओरडली नाही. उठलीही नाही. नुसती मान वळवून नवऱ्याकडे बघत राहिली, आणि सदतीस पुरुष एकामागोमाग एक तिच्या नजरेच्या वाटेतून बाजूला झाले.

“ते बूट मी अजून पॉलिश करते, सेल्मो,” ती म्हणाली.

पान १२८. शेवट गोड.

प्रकाशकाचा नियम आहे. इथे जमेल तितकाच पाळला आहे.

सर ओस्कारनी दोघांनाही तीन तीन महिने वाढवून दिले. सेल्मोने चौदा तारखेचा विषय काढला. सर म्हणाले, “मला तारखा सांगू नकोस. मला त्या माणसांची नावं सांग, जी तुझा तळ घेऊन घरी गेली.” सेल्मोने सांगितली नाहीत. त्याला त्यात काही थोर वाटलं नाही. फक्त तेवढं एक विकायचं राहून गेलं होतं, ते राहू दिलं.

बाहेर, जीपच्या थांब्यापाशी, तिथवर सोडायला आलेल्या सेल्मोसमोर पेर्लाने फोन लावला आणि तो स्पीकरवर टाकला. चार वर्षांनी.

“कुया डेन्सियो? मी पेर्ला.”

पलीकडे कोंबडा आरवला. “कोण मेलं?”

“कुणी नाही. अजून तरी. सेल्मोला काही सांगायचंय.”

तिने फोन त्याच्या तोंडापुढे धरला. त्याच्या हातात दिला नाही.

“कुया,” सेल्मो म्हणाला. “बाबांच्या वेळचा तो डबा. तो मी रिकामा केला होता.”

कोंबडा पुन्हा आरवला.

“मी नाही?” डेन्सियोने विचारलं.

“तुम्ही नाही.”

“पण मला आठवतंय रे सगळं. झाकण उघडताना टणकन वाजलं. खिशात नोटा कोंबल्या. थंडगार होत्या.”

“नाही, कुया. तुम्ही फक्त डोक्याखाली घेतला होतात.”

“अरे, त्याच्यामुळे तर मी सोडली! दुसऱ्या दिवसापासून थेंब नाही. चर्चच्या गुरुवारच्या बैठकीत मी तेच सांगतो. नवी माणसं ढसाढसा रडतात. दोघांनी सोडली माझ्यामुळे. त्यातला एक तर कसाई आहे, साडेसहा फुटी.” आवाज चिरका झाला. “म्हणजे मी चार वर्षं उगाचच शुद्धीत?”

“कुया!” पेर्ला किंचाळली. “खबरदार हं!”

“नाही गं, विचारतो नुसतं. पण आता येत्या गुरुवारी मी सांगू काय?”

सेल्मोच्या तोंडून, धंद्याच्या सवयीने, निघून गेलं: “तेच सांगा. फक्त बूट घाला त्यात.”

पेर्लाने फोन ओढून घेतला. ती थांब्याच्या पलीकडे चार पावलं गेली आणि पाठ फिरवून बोलू लागली. माफी मागितली ती सेल्मोला ऐकू आली नाही, फक्त खांदे दिसले. मग आवाज नेहमीसारखा झाला.

“चौदाला ये. आयला-मेचा शेवटचा गुलाब तुझा.”

“बापाचा असतो ना तो?”

“बाप कामात आहे.”

“पेर्ला, मी शुद्धीत कधी नाचलेलो नाही गं.”

“सात दिवस आहेत. शीक. त्या कसायाला घेऊन शीक.”

जीप आली. पेर्लाने पाय वर ठेवला. सेल्मो धावत तिच्यापर्यंत गेला. धापा टाकत म्हणाला, “आयला-मेला मी स्वतः लिहून कळवतो. ती गाणं संपेपर्यंत एकटी उभी राहील, मी ओळखतो तिला. मी नीट समजावून लिहितो.”

“तू काही लिहू नकोस,” पेर्ला म्हणाली. “तिला मी सांगेन. तू सांगायला लागलास की झालेल्या गोष्टीसुद्धा खोट्या वाटतात.”

जीप अननसांमधून उतारावर गेली. वाक्य चांगलं होतं, हे सेल्मोच्या ताबडतोब लक्षात आलं, आणि त्याने खिशात पेन चाचपलं. पेन तर सरांनी काढून घेतलं होतं. लाज वाटली ती त्यानंतर, थोडी उशिरा, पण खरी असावी, कारण ती कुणाला देता येईल असं त्याच्या मनातही आलं नाही. मग तो भांड्यांकडे गेला.