तपशिलासाठी फाईल उघडा

नोकरी गेल्यापासून माझ्या नवऱ्याने एकच धड काम केलं: माझ्या आईच्या चष्म्याच्या दुकानासाठी प्रोग्राम लिहिला. गिऱ्हाइकाचा नंबर, फ्रेम, चष्मा कधी द्यायचा, सगळं त्यात. मामाची अशीच तीन दुकानं आहेत. त्याला पसंत पडला असता तर तिन्हीकडे हाच बसणार होता आणि आमच्या घरात पुन्हा पगारासारखं काहीतरी येणार होतं. म्हणून मामा बघायला आला त्या दिवशी नवरा इस्त्रीचा शर्ट घालून गेला. मीही गेले, देव पाण्यात घालून.

प्रोग्राम जे जे करतो ते दुकानाच्याच कॉम्प्युटरवर एका फाईलमध्ये लिहून ठेवतो. प्रत्येक ओळीला वेळ आणि दर्जा: माहिती, इशारा, चूक, गंभीर. कुठे बिघडलं ते कळावं म्हणून. ही फाईल आपल्याशिवाय कोणी उघडणार नाही, अशी नवऱ्याची खात्री होती.

आईने मामासमोर एक नाव भरलं आणि प्रोग्राम अडकला. चौकट आली: 'काहीतरी चुकलं. तपशिलासाठी नोंदींची फाईल उघडा.' एरवी आई अशा चौकटी न वाचता 'ओके' करते, आणि नवरा घरी येऊन डोकं धरून बसतो. त्या दिवशी भाऊ शेजारी उभा म्हणून तिने चष्मा लावला, सगळं वाचलं आणि सांगितल्याप्रमाणे फाईल उघडली.

मामा मोठ्याने वाचू लागला. "इशारा: सासूबाईंनी मेसेज न वाचता ओके दाबलं. इशारा: 'जतन'ऐवजी 'रद्द'. पुन्हा. चूक: तारखेच्या जागी फोन नंबर. गंभीर: सासूबाई."

नवरा फ्रेमच्या कपाटाकडे एकटक बघत राहिला.

"हे प्रोग्राम आपणहून लिहितो?" आईने विचारलं.

"नाही. ओळी मी आधीच लिहिलेल्या असतात. तसं घडलं की तो फाईलमध्ये टाकतो."

"म्हणजे मी चुकायच्या आधीच माझी चूक लिहून ठेवलीत, जावईबापू?"

"हो," नवरा म्हणाला. थाप मारायची अक्कल त्याला कधीच नव्हती.

मामा "बघू" म्हणून निघून गेला. आमच्या घराण्यात 'बघू' म्हणजे 'नाही'. वाटभर मी नवऱ्याची खरडपट्टी काढली.

दुसऱ्या दिवशी तो बिघाड काढायला एकटाच दुकानात गेला. थोड्या वेळाने त्याचा फोन आला. फाईलच्या शेवटी चार ओळी होत्या आणि त्या त्याच्या नव्हत्या. त्याने वाचून दाखवल्या:

'माहिती: दादाला फोन केला. तिन्ही दुकानांत हाच बसवणार.

इशारा: जतन आणि रद्द लांब लांब ठेवणे. अक्षर मोठं करणे.

चूक: थोडी माझीही आहे.

गंभीर: जावई.'

वेळसुद्धा घातली होती, अगदी त्याच साच्यात.

नवरा खो खो हसत सुटला. नोकरी गेल्यापासून पहिल्यांदाच. मग चारही ओळी पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवायला लागला. मी फोन ठेवला नाही.