पाकिटातली दोन डॉलरची नोट

मी एक जुनी नोट आहे, मित्रांनो, दोन डॉलरची. दिसते कागदासारखी, पण मी आहे कापसाच्या आणि जवसाच्या धाग्यांची. म्हणून तर पन्नास वर्षे घड्या सोसूनही फाटले नाही. माझ्या देशात माझ्यासारख्या नोटा क्वचितच दिसतात. लोक आम्हाला शुभ मानतात आणि खर्च न करता जपून ठेवतात.

मी एका सुताराला पहिल्या मजुरीत मिळाले आणि जन्मभर त्याच्या पाकिटात राहिले. म्हातारपणी त्याने बायकोसोबत जहाजाची सफर ठरवली. पण निघण्याआधीच तो गेला. बाई मला घेऊन एकट्याच निघाल्या.

जहाजावर त्यांची खोली हेरंब आवरत असे. चंडीगडचा मराठी मुलगा. टॉवेलच्या घड्या घालून तो पलंगावर हत्ती करून ठेवी. खोली दोघांच्या नावावर होती, म्हणून पहिल्या दिवशी त्याने दोन हत्ती ठेवले. बाई रडू लागल्या. कारण कळल्यावर तो ओशाळला आणि दुसऱ्या दिवशी एकच ठेवला. तेव्हा बाईंनी विचारले, "दुसरा कुठे गेला?" मग शेवटपर्यंत दोनच. उतरताना त्यांनी टिपेच्या पाकिटात इतर नोटांबरोबर मलाही ठेवले.

"दोनची नोट? म्हातारीने गंडवलं रे तुला!" हेरंबचा जहाजावरचा मित्र अविनाश हसला. हेरंबने मला पासपोर्टात ठेवले आणि सुट्टीत घरी आणले.

हेरंबचे वडील बाजीराव विद्यापीठात शिकवून निवृत्त झालेले. टीप म्हणजे हात पसरणे, असे त्यांचे मत. मुलगा मर्चंट नेव्हीत आहे, असे ते शेजाऱ्यांना सांगत. हेरंबला ते ठाऊक होते. बाबांनी एकदा तरी खरे सांगावे, एवढेच त्याला वाटे. घरी आला त्या दिवशी त्याने मला बाबांपुढे ठेवून हत्तींची गोष्ट सांगितली, पण बाबांनी वर्तमानपत्र काही खाली केले नाही.

"बक्षिशी ती बक्षिशी, आणि तीही खोटी!" ते म्हणाले.

"अहो, खोटी की खरी ते दुकानात जाऊन बघा की," पोळी लाटता लाटता आई सुमित्राबाई म्हणाल्या. "इथं बसून कसली परीक्षा घेताय? निवृत्त झालात ना?"

शेजारचे ढिल्लों साहेब गाडी घेऊन सेक्टर सतराच्या बाजारात निघालेच होते. बाबा आणि हेरंब त्यांच्याबरोबर गेले. परकी नोट बदलून देणाऱ्या दुकानदाराने मला चिमटीत धरले.

"सर जी, दो का डॉलर? किसी ने मुंडे को टोपी पहना दी।"

मुंडा म्हणजे मुलगा; त्याला कुणीतरी फसवले, याहून बाबांचे म्हणणे तरी दुसरे काय होते? पण परक्याच्या तोंडून ते ऐकताच त्यांचा चेहरा लाल झाला.

"टोपी कैसी? ठीक से देखिए! मेरे बेटे को मिला है।"

दुकानदाराने मला भिंगाखाली धरले, मशीनमध्ये घातले. "माफ करना जी, पक्का असली है। पर इसे लेगा कौन?"

"बेचने कौन आया है?"

ढिल्लों साहेब कौतुकाने म्हणाले, "वाह जी! नेव्ही में ऐसे नोट मिलते हैं?"

मी काउंटरवर पडून होते. हेरंब जमिनीकडे बघत होता.

"नेव्ही में नहीं है," बाबा म्हणाले. "जहाज पर लोगों के कमरे संभालता है। ये उसकी बख्शीश है।" आणि दोन हत्तींची गोष्ट त्यांनी तिथेच, एकही तपशील न गाळता सांगितली. मला वाटले होते, त्यांनी ती ऐकलीच नाही.

घरी परतल्यावर त्यांनी मला हेरंबकडून मागून घेतले. आता मी त्यांच्या पाकिटात असते. तिथे एक पाच रुपयांची नोट आहे. पहिल्या पगाराच्या दिवशी त्यांच्या आईने ओवाळून दिलेली, बरकतीसाठी. तीही कधी मोडली गेली नाही. आम्हा दोघींचे छान जमते.

मित्रांनो, नोटांवर काही लिहू नका, त्यांना चुरगाळू नका. आणि कुणाच्या हातावर आम्हाला ठेवाल, तेव्हा त्या माणसाच्या चेहऱ्याकडेही एकदा बघा.

सुखना तलावावर फिरताना बाबा आता नव्या ओळखीच्या माणसालाही मला काढून दाखवतात. हेरंब पुन्हा जहाजावर गेला आहे. निघताना आईबाबांच्या पलंगावर टॉवेलचे दोन हत्ती ठेवून गेला. बाबा ते मोडू देत नाहीत, आणि अंग पुसायला टॉवेल कमी पडतात म्हणून सुमित्राबाई रोज कुरकुरतात.