चौदा बोटींचं वाचनालय

तपासणीच्या बाई अकराला येणार होत्या, आणि मंगला सकाळी साडेसहापासून खोली झाडत होती. झाडायला तिथं होतं तरी काय? दहा बाय बाराची खोली, चार कपाटं, एक लांबट टेबल, एक बाक आणि खिडकीतून येणारा सुक्या बोंबलांचा वास, जो झाडूनं जात नाही. पण हात रिकामे ठेवून तिला बसवत नव्हतं, म्हणून तिसऱ्यांदा झाडणं चाललं होतं.

खोली मच्छीमार सोसायटीची. बावीस वर्षं वाचनालयाला फुकट दिलेली. गेल्या वर्षीच्या सभेत मात्र चेअरमन विश्रामभाऊ उभे राहिले आणि म्हणाले, बोईसरवरून बर्फ आणता आणता निम्मा वाटेत वितळतो, आपलं स्वतःचं मशीन पाहिजे, आणि त्याला जागा एवढी एकच आहे. ठराव झाला: वर्षभरात वाचनालयाला बाहेरून अनुदान मिळालं, तर खोली भाड्यानं वाचनालयाकडेच राहील, नाही मिळालं, तर बर्फाला जाईल. ठरावात खोट काढायला जागा नव्हती आणि मंगलाला त्याचाच जास्त राग येत होता.

कारण ती ह्याच खोलीत वाचायला शिकली होती. चौतीस वर्षांची होती तेव्हा. सकाळी बोईसरला कामगारांच्या चाळींतून मासळी विकायची आणि दुपारी रिकामी टोपली दाराबाहेर ठेवून इथं अक्षरं गिरवायची. आता पन्नाशीला आली, तर ग्रंथपाल तीच होती. पगार नावापुरता, पण खोलीची किल्ली कमरेला.

अनुदानासाठी ती आणि वाचनालयाचे अध्यक्ष कमलाकांतकाका वर्षभर वणवण फिरले. काका सत्तरीचे, गुडघे गेलेले. तरी कारखान्यांच्या गेटवर तासतास उभे राहिले. वॉचमन म्हणायचा, "साहब मीटिंग में हैं." साहेब दिवाळीपर्यंत मीटिंगमधून बाहेर आले नाहीत. शेवटी काकांना पेपरात मुंबईच्या एका ट्रस्टची जाहिरात दिसली: छोट्या गावांच्या वाचनालयांना मदत. अर्ज मंगलानं स्वतःच्या हातानं भरला. 'वाचक किती?' ह्या रकान्यात तिनं लिहिलं, एकशे त्रेचाळीस.

ट्रस्टच्या वैष्णवी सावे पालघरहून आल्या. तिशीच्या, बोलायला गोड आणि नजरेला कडक. चहा घेतला नाही, पाणी घेतलं. पुस्तकं मोजली, शिक्के पाहिले, मान डोलावली. मंगलाचा जीव जरा खाली बसतोय तोच त्यांनी देवघेवीचं रजिस्टर उघडलं.

"जलदेवी, बारा पुस्तकं. हिंगळादेवी, दहा पुस्तकं. धनसागर, पुन्हा बारा." त्यांनी मान वर केली. "मंगलाताई, ही कुणाची नावं?"

"बोटींची, मॅडम."

"वाचकांची कुठे आहेत?"

मंगलाला प्रश्नच कळला नाही. ह्या गावात डिझेल बोटीच्या नावावर उचलतात, बर्फ बोटीच्या नावावर, तांदूळ-डाळ-कांदे-मीठही बोटीच्याच नावावर. समुद्रात जायचं सगळं तसंच लिहायचं, ही इथली रीत. मग पुस्तकं वेगळी कशी लिहिणार? दर बोटीमागं एक थर्माकोलची पेटी, तोंडाला चिकटपट्टी, आत दहा-बारा पुस्तकं. बोट आठ दिवस समुद्रात राहते. जाळं टाकलं की ओढेपर्यंत खलाशांना वेळच वेळ असतो. बोट परत आली की पेटी परत. एका बोटीवर आठ माणसं, बोटी चौदा, ते झाले एकशे बारा, आणि गावातले एकतीस. तिचा हिशेब सरळ होता.

"ताई, आमची अट आहे शंभर वाचक, नावानिशी," वैष्णवी म्हणाल्या. "प्रत्येकानं तीन महिन्यांत एकतरी पुस्तक वाचलेलं हवं. इथं मला एकतीसच दिसतात. आज शेवटचा दिवस आहे, चारच्या आत मला माहिती पाठवायची आहे. तोवर बाकीचे दाखवता येतील?"

मंगलाच्या तोंडचं पाणी पळालं. बोटी परतत होत्या खऱ्या, पण खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून भरतीची वाट पाहत होत्या. पाणी भरणार साडेपाचला. त्याच्या आधी बोट आत घ्यायची म्हणजे ती गाळात रुतवायची.

वैष्णवी डबा खायला ओट्यावर गेल्या तशी काकांनी मंगलाला कोपऱ्यात घेतलं. त्यांच्या हातात सोसायटीतून आणलेला कागद होता, चौदाही बोटींवरच्या खलाशांची यादी.

"उतरव ही," ते पुटपुटले. "एकशे बारा नावं हायत. खोटी नायत, आपलीच मानसं हायत."

"सगळे कुटं वाचतात, काका?"

"कोन बगायला जातंय? खोली जाईल मंगले, खोली!"

ती टेबलाशी बसली. एकेक नाव लिहीत गेली. एक, दोन, तीन, सहा. सातवं नाव महादूचं आलं आणि पेन अडलं. महादू मासवण गावातून खलाशी म्हणून आलेला, चार हंगाम 'जलदेवी'वर होता. पेटी तोच डोक्यावर घेऊन यायचा, तोच न्यायचा. त्याला अक्षर येत नव्हतं.

वाचायला शिकल्यावर मंगलाच्या हाती एक जुना कागद लागला होता. गावातल्या कुठल्याशा साक्षरता वर्गाची यादी. तिनं मोठ्या हौसेनं ती वाचायला घेतली, तर अकरावं नाव तिचंच! पुढं लिहिलेलं, 'साक्षर'. तारीख पाहिली, तर तेव्हा ती अंगठा उठवत होती. कुणीतरी यादी भरून टाकली होती आणि तिला शिकवायला कुणी आलंच नव्हतं. त्या दिवशी ती जेवली नव्हती.

तिनं महादूच्या नावावर आडवी रेघ मारली. मग वरची सहाही खोडली आणि कागद काकांच्या हातात कोंबला.

"आता?" काका रडकुंडीला आले.

"आता इचारू त्यांनाच," ती म्हणाली आणि शेजारच्या सोसायटीच्या ऑफिसात शिरली.

तिथं बोटींशी बोलायचा वायरलेस होता, आणि त्याच्यासमोर विश्रामभाऊ. बर्फ मागणारा माणूस. त्यांच्याकडे काही मागणं मंगलाच्या जिवावर आलं होतं, पण दुसरा उपाय नव्हता. तिनं एका दमात सगळं सांगितलं.

"वायरलेस संकटाला असतो, मंगलाबाय," विश्रामभाऊ म्हणाले.

"मंग हे काय हाय, भाऊ? हलदीकुंकू?"

त्यांनी मान वळवून वेळ पाहिली. भिंतीवरच्या घड्याळात दोन पस्तीस झाले होते. अखेर त्यांनी माइक उचलला आणि तिच्यापुढे धरला. "चार म्हंजे चार. मंग मला मासलीचे भाव सांगायचे हायत."

काका वैष्णवींना घेऊन आले, त्या वही उघडून स्टुलावर बसल्या. "प्रत्येकानं नाव सांगायचं आणि काय वाचलं ते," त्या म्हणाल्या. "मी मधे विचारीन."

खरखर झाली. 'जलदेवी'चा तांडेल, म्हणजे बोटीवरचा मुख्य, मेहुल बोलला. "मी मेहुल. तुमचं ते इंजनाचं पुस्तक वाचलं. त्यात लिवलंय तसं केलं, तर इंजन बंद पडलं." वैष्णवींनी हसू दाबलं आणि नाव लिहिलं. एकामागून एक आवाज येत गेले, वाऱ्यात अर्धे विरलेले. कुणी विहिरीतल्या खुनाचं वाचलं होतं, कुणी पोराच्या नवनीतमधून विज्ञान. 'हिंगळादेवी'वरून एकजण तक्रार करायला लागला: "डॉक्टरच्या बायकोच्या कादंबरीची शेवटची दोन पानं नायत! ती नवऱ्याला सोडते का नाय, त्यावरून आमची आठ दिवस मारामारी चाललीय. मंगलाबायनी सांगावं."

"ती पानं माज्या टेबलाच्या खनात हायत," मंगला ओरडली. "आल्यावर घ्या! आता नावं सांगा!"

मधेच 'जलदेवी'वरून एक बारीक आवाज आला. "मी महादू. मला वाचता येत नाय. हे वाचतात नि मी ऐकतो. थांबले की मीच इचारतो, पुडं काय."

वैष्णवींचं पेन वहीवर थांबलं. त्यांनी काही लिहिलं नाही.

चौदावी बोट बोलून झाली तेव्हा साडेतीन होत आले होते. वैष्णवींनी दोनदा मोजलं. बोटींवरचे चव्वेचाळीस, गावातले एकतीस. पंच्याहत्तर. बाकीचे सगळे ऐकणारे.

मंगलाला वाटलं, त्या सातव्या नावाशी मी का थांबले? एक दिवस डोळे मिटले असते तर काय बिघडलं असतं? तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

वैष्णवींनी फाइलमधून वेगळ्या रंगाचा फॉर्म काढला. "ताई, आमची दुसरी एक योजना आहे. फिरत्या वाचनालयाची. तिच्यात वाचक मोजत नाहीत, पेट्या मोजतात. दर पेटीला एक जबाबदार माणूस आणि वर्षभराची जाण्या-येण्याची नोंद, एवढंच लागतं. अशी नोंद मी आजवर कुठे पाहिली नाही, तुमची बावीस वर्षांची आहे. ह्यात अडायला काही नाही. नवी पुस्तकं मिळतील, पाणी न शिरणाऱ्या पेट्या मिळतील, तुमचं मानधनही." त्या जरा थांबल्या. "पण खोलीला नाही. भाडं, कपाटं, वीज, काही नाही. आणि एका वेळी एकच योजना."

"म्हंजे खोली जानार," मंगला म्हणाली.

"हो."

विश्रामभाऊ खिडकीबाहेर बघायला लागले. काकांनी खुर्ची धरली. मंगलाचा हात कमरेच्या किल्लीवर गेला. खोलीतली उत्तरेकडची खिडकी, तिच्याखालचं बाक, त्यावर तिनं पहिल्यांदा एक ओळ सलग वाचली होती आणि कुणालाच सांगितलं नव्हतं. ते बाक तिला हवं होतं. वर्षभर ती त्याच बाकासाठी दारोदार फिरली होती, पुस्तकांचं नाव घेत. हे तिला आत्ता कळलं आणि तिचे कान गरम झाले.

"पंधरा मिनिटं आहेत, ताई."

"पेट्या ठेवायची जागा कोनती लिवायची?"

"कुठलीही चालेल."

"माज्या घराची ओटी लिवा."

फॉर्म चारला पाच मिनिटं कमी असताना गेला. चौदा तांडेलांची नावं वैष्णवींच्या वहीत होतीच. जाताना त्यांनी मंगलाचा हात क्षणभर हातात धरला आणि रिक्षात बसल्या. मंगलानं किल्ली सोडवून विश्रामभाऊंच्या टेबलावर ठेवली. भाऊ नको म्हणतील, असं तिला उगाच वाटून गेलं. त्यांनी किल्ली घेतली आणि ड्रॉवरमध्ये टाकली.

"मशीन मंगळवारी येतंय," ते म्हणाले. "तंवर कपाटं हलव. मानसं मी देतो." मग घसा खाकरून म्हणाले, "नि ती सोडते का नाय?"

"कोन?"

"डॉक्टरची बायको."

मंगला वळून दाराबाहेर पडली. तिला रडू येत होतं आणि त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं.

भरतीला बोटी आत आल्या. धक्क्यावर गलका, टोपल्या, बायकांची हाकाटी. मंगला टेबलाच्या खणातली ती दोन पानं घेऊन घराच्या पायरीवर बसली होती. महादू डोक्यावर पेटी घेऊन वर आला. वाचनालयाच्या दारापर्यंत जाऊन परत फिरला आणि गोंधळून तिच्यासमोर उभा राहिला.

"बाय, तितं कुलूप हाय."

"हितं ठेव. आता हितंच ठेवायची."

त्यानं पेटी ओटीवर टेकवली आणि घाम पुसला. "हिंगळादेवीवाले वायरलेसवर सांगत व्हते. बायको सोडते काय? मला तरी सांग."

"नाय सांगनार," मंगला म्हणाली आणि पानं पदराखाली घेतली. "बस हितं. आज मी तुजं नाव एका कागदावर लिवलं नि खोडलं, म्हायती हाय?"

"का? काय केलं मी?"

"तू काय नाय केलंस. मी चुकीचं लिवत व्हते." तिनं पाटी पुढं सरकवली. तिची स्वतःचीच होती, कोपरा फुटलेली, घराच्या माळ्यावरून मघाशीच उतरवलेली. "आता तू लिव. 'म' घे पैला."

महादूनं ओले हात शर्टाला पुसले आणि पेन्सिल धरली, जाळं धरतात तशी, सगळ्या बोटांनी.