म्हातारीला विचारायचं बटण

धाकट्याच्या घरात माणसं तीन होती, पण सकाळी एकदा का दारं लागली की घरात कोणी राहतं असं वाटायचं नाही. सून दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला. ती निघताना आपली खोली लोटून जायची. धाकटा घरूनच काम करायचा. कानांवर ते हेडफोनचे मोठे ठोकळे चढवून आत बसला की बाहेर आग लागली तरी धूर नाकात गेल्यावरच त्याला कळलं असतं. आणि आई आपल्या खोलीत. तिचं दार उघडं असायचं, पण त्यातून कोणी आतच येत नसेल तर ते उघडं काय नि बंद काय.

खोली चांगली होती, हे आई कोणालाही मान वर करून सांगायची. उजेडाची खिडकी, मऊ गादी, उशाशी पाण्याचा तांब्या. गुडघे दुखतात म्हणून मुलगा तिला जिने उतरू देत नसे. चटका बसेल म्हणून सून तिला गॅसपाशी उभी राहू देत नसे. जवळचं कमी दिसतं म्हणून शिवणाचं यंत्र कोणाला तरी देऊन टाकलं होतं. सगळं तिच्या भल्यासाठीच. तिच्या भल्यासाठी एकेक वस्तू काढून घेता घेता तिच्या हातात नुसते हातच उरले होते.

ही बाई साधी नव्हे. नवरा गेल्यावर तिने दोन मुलगे शिवणावर वाढवले होते. गिऱ्हाइकाने मापात खोट काढली तर ती त्यालाच आरशासमोर उभं करून पोट आत घे म्हणायची. तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. आता तो खोलीच्या उंबऱ्यापर्यंतही जात नव्हता, कारण ऐकायलाच कोणी नव्हतं. ती खिडकीतून खालची माणसं बघत बसायची. याची बाही उसवली आहे, हिचा झगा पाठीत ओढला जातोय, त्याने कपडा दुसऱ्याचा घातलाय. सांगायचं कोणाला? खिडकीच्या काचेला.

धाकट्याच्या कामाबद्दल तिने एकदाच विचारलं होतं. त्याची कंपनी संगणकावरचे खेळ बनवायची. खेळणारे लोक ठिकठिकाणाहून आपली मतं लिहून पाठवायचे, आणि तांदूळ निवडावेत तशी ती मतं निवडून, लोकांना काय हवं नि काय नको हे वरिष्ठांना कळवायचं हे त्याचं काम. म्हणजे परक्यांना काय वाटतं हे दिवसभर विचारत बसायचं, असं ती म्हणाली होती. टोमणा होता. धाकट्याला तो लागला नाही, कारण ठोकळे कानांवरच होते.

पुढे त्याचा कान फुटला. डॉक्टरांनी कानात काही घालायला सक्त मनाई केली. डोळ्यांना ताण नको म्हणून त्याचा संगणक ती मतं मोठ्याने वाचून दाखवायचा. आता तो आवाज खोलीभर फिरू लागला आणि दाराच्या फटीतून बाहेरही यायला लागला.

त्याच आठवड्यात आईने आणखी एक आवाज ऐकला होता. धाकटा फोनवर थोरल्याशी हळू आवाजात बोलत होता. थोरल्याचं घर दुसऱ्या गावात. जमिनीवरचं, जिने नसलेलं. महिनाअखेरीला आईला तिकडे न्यायचं, मागची खोली तिला द्यायची, असं दोघा भावांचं ठरत होतं. शेवटी धाकटा म्हणाला होता, तिला आधी सांगू नकोस, उगाच मनाला लावून घेईल.

आईने मनाला लावून घेतलं नव्हतं. तिने मनावर दगड ठेवला होता. हे दोन्ही दिसायला सारखंच असतं.

तर त्या दुपारी ती तांब्या भरायला निघाली आणि धाकट्याच्या दाराशी थबकली. आतला यंत्राचा बाईसारखा आवाज सपाट सुरात सांगत होता, “म्हातारीला पहिल्याच टप्प्यावर सोडा. हळू चालते आणि खाते मात्र सगळ्यांइतकं.” मग जरा थांबून, “म्हातारी ठेवून काही उपयोग नाही. मी सोडली आणि पुढचं सगळं सोपं गेलं.” मग, “ही म्हातारी मुळात ठेवलीच कशाला?”

आईच्या हातातला तांब्या भिंतीला लागला. दुसरी कोणी असती तर पदराने डोळे पुसत माघारी फिरली असती. हिने दार ढकललं.

“कोणाला सोडायचं चाललंय?”

धाकटा दचकला. “अगं, खेळातली म्हातारी. तू काय समजलीस?”

काय समजली ते तिने सांगितलं नाही. बैस म्हणायची वाट न बघता ती त्याच्या पलंगावर बसली आणि खेळ काय आहे ते विचारू लागली. धाकट्याने जरा नाइलाजानेच सांगितलं. एक जहाज बर्फात अडकतं. वाचलेली माणसं एक हातगाडी ओढत दूरच्या दीपगृहाकडे चालू लागतात. कोळसा थोडा, बिस्किटं थोडी, पांघरुणं त्याहून थोडी. कोणाला गाडीवर बसवायचं, कोणाचा वाटा कमी करायचा, कोणाला मागे सोडायचं, ते खेळणाऱ्याने ठरवायचं. तो जे ठरवेल तशी गोष्ट पुढे सरकते. जहाजावर स्वयंपाक करणारी एक म्हातारी त्यांच्यात आहे. तिला बहुतेक सगळे सोडून देतात, आणि जे सोडत नाहीत ते तिच्यामुळे आपण हरलो म्हणून कंपनीला शिव्या घालतात. आता तिला खेळातूनच काढून टाका असं सगळ्यांचं म्हणणं, आणि उद्या तेच साहेबांना कळवायचं होतं.

“आणि तुझं म्हणणं काय?”

“माझं कोण विचारतंय? मी लोकांचं पुढे पाठवतो.”

“हमाल आहेस म्हण की,” आई म्हणाली. “सरक. मला दाखव.”

धाकट्याला हसू आलं, पण त्याने जागा दिली. कुठे दाबायचं ते दाखवलं. आई अक्षर लावून लावून वाचायची, त्यामुळे पडद्यावरची माणसं बर्फात ताटकळत उभी राहायची. पण एकदा मजकूर कळला की तिचा निर्णय तयार असायचा. आयुष्यभर थोडक्यात भागवलेली बाई ती. खलाशाची बिस्किटं तिने कमी केली, कारण त्याचं पोट सुटलेलं दिसत होतं. कोळसा दिवसा जाळू दिला नाही. दोन पांघरुणं जोडून त्यात तिघांना घातलं. पुष्कळ खेळाडू जिथे गारद व्हायचे तो टप्पा तिने एकही माणूस न गमावता पार केला. धाकटा खुर्चीच्या पाठीवर हात टेकून बघत राहिला. किती दिवसांनी तो आईच्या इतका जवळ उभा होता कोण जाणे.

मग बर्फाला भेग आली. गाडी हलकी केल्याशिवाय पलीकडे जाणार नव्हती. पडद्यावर तीन चौकोन उमटले. म्हातारीला सोबत न्या. म्हातारीचा वाटा अर्धा करा. म्हातारीला सोडून द्या.

आईने ते तिन्ही चौकोन पुन्हा पुन्हा वाचले. पडद्याच्या कडेला काही राहिलंय का तेही पाहिलं.

“तिला विचारायचं कुठे दाबू?”

“म्हणजे?”

“म्हणजे ती काय म्हणते? तिला कुठे जायचंय? चालवत नाही, का गाडीवर बसायची लाज वाटते? तोंड आहे ना तिला?”

“आई, तसं बटण नाहीये.”

“बरं,” आई म्हणाली, आणि तिने सोडून द्यायचं बटण दाबलं.

गाडी निघाली. म्हातारी बर्फावर बसली. तिने वर पाहिलं नाही, काही बोललीही नाही, कारण तिला बोलणं दिलेलंच नव्हतं. माणसं लहान होत गेली.

धाकट्याला ते खरंच लागलं. एवढा वेळ सगळ्यांना जपत आलेली आई असं करेल हे त्याला वाटलंच नव्हतं. “अगं, तूच सोडलंस तिला?”

“मग काय करू? तिच्या मनातलं विचारायची सोय नाही, तर ती गाडीवरचं पोतंच झाली. पोतं नेलं काय नि टाकलं काय.” ती पडद्याकडे बघतच बोलत होती. “मला थोरल्याकडे कधी टाकणार आहात?”

धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं. तुला कोणी सांगितलं, एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

“भिंतींनी. या घरात माझ्याशी त्याच बोलतात.”

मग तो बोलत सुटला. गुडघे, जिने, एखाद्या दिवशी पडलीस तर घरात कोणी नाही, मी आत असतो, मला ऐकू येत नाही, थोरल्याकडे अंगण आहे, मोकळी हवा आहे, सगळं तुझ्याच भल्यासाठी. आईने त्याला बोलू दिलं. कापड पुरतं उलगडल्याशिवाय कात्री लावायची नाही ही तिची जुनी सवय.

“झालं? आता ऐक. माझं भलं करू नका असं मी म्हणत नाही. पण माझं भलं कुठे आहे हे मला एकदा तरी विचाराल? कुठल्या कोण परक्याला खेळ आवडला की नाही, हे ऐकायला तुझ्या कंपनीने माणूस ठेवलाय. मी तर तुझ्याच घरात बसलेय रे. माझं ऐकायला कोण ठेवलाय?”

दिवसभर धाकट्याच्या कानांत हजारो लोकांची मतं शिरत होती, आणि भिंतीपलीकडच्या एका माणसाचं मत त्याला ठाऊक नव्हतं! तो खाली फरशीवर बसला, लहानपणी तिच्या शिवणयंत्राच्या पायाशी बसायचा तसा.

“आई, तुला काय हवंय?”

आईने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि तिच्या लक्षात आलं की उत्तर तयारच नाही. इतका काळ कोणी विचारलं नव्हतं की तिने स्वतःलाही विचारायचं सोडून दिलं होतं. भांडण तेवढं तयार होतं. या जाणिवेने तिला जे एकटं वाटलं, तसं खिडकीशी बसूनही कधी वाटलं नव्हतं.

“आता विचारलंयस ना,” ती सावरून म्हणाली, “मग थांब. विचार करून सांगते.”

आणि तिने खरंच सगळ्यांना थांबवलं. धाकट्याने सगळं कळवल्यावर थोरल्याचा तिलाच फोन आला, ठरलं का म्हणून. ठरलं की कळवते, असं सांगून तिने फोन ठेवला. थोरला म्हणे तिकडे बायकोवर चिडला. चिडू दे.

त्या संध्याकाळी सून दमून आली. आई नेहमीप्रमाणे न जेवता तिच्यासाठी थांबलेली. ताटं वाढताना आईने सहज विचारल्यासारखं केलं. “मी इथे राहावं की जावं? तुला काय वाटतं? खरं सांग, मला गोड बोललेलं पचत नाही.”

सुनेने सासूकडे निरखून पाहिलं. मग तीही खरंच बोलली. “आई, तुम्ही असलात की घर घर वाटतं. पण मी घासलेलं पातेलं तुम्ही पुन्हा घासता ते मला सहन होत नाही. आणि तुम्ही माझ्यासाठी जेवायच्या थांबता ना, मी येतानाच खाऊन आलेली असते. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून पुन्हा जेवते. पोट दुखतं माझं.”

“आणि मी इथे उपाशी बसते!”

दोघी हसायला लागल्या. हसता हसता आईला कळलं की लेकाला जे सुनावलं ते तिच्याही अंगाला बसतं. सुनेसाठी थांबायचं हे तिने ठरवलं होतं. सुनेला विचारलं कुठे होतं? त्या रात्रीपासून ती भूक लागली की जेवू लागली, आणि पातेल्याला हात लावायचा मोह तोंड दुसरीकडे फिरवून टाळू लागली.

इकडे धाकट्याने साहेबांना लोकांची मतं तर कळवलीच, आणि खाली पहिल्यांदाच आपलंही मत जोडलं. म्हातारीला काढू नका, तिला बोलू द्या. साहेब आधी हसले, मग करून बघू म्हणाले. खेळात चौथा चौकोन आला. त्यावर लगेच मतं आली. काहींनी लिहिलं, खेळ आता कुठे माणसांचा वाटतोय. काहींनी लिहिलं, म्हातारी गाडीवर बसायला नाही म्हणते, वर आपल्यालाच चार शब्द सुनावते, डोकं उठवलं. ते ऐकून आई म्हणाली की बाई शहाणी दिसतेय.

आणि एक दिवस जेवताना तिने आपलं उत्तर दिलं. “मी थोरल्याकडे जाते.”

धाकट्याचा घास हातातच राहिला. ती राहीन म्हणेल असंच तो धरून चालला होता. मग एवढं सगळं कशाला बोललीस, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

“तुम्ही ठरवलेलं चूक नव्हतं रे. मला वगळून ठरवलंत ते चूक होतं. तिथे पाय खाली टाकला की जमीन आहे. मला माणसांत चालायचंय, खिडकीतून बघायचं नाहीये. पण मागची खोली मला नको. जाऊन बघेन, मग सांगेन कुठे राहायचं ते. आणि तुला माझी आठवण येईल, ती येऊ दे. त्याला मी काही करू शकत नाही.”

धाकट्याला रडू आलं. त्याने ते लपवलं नाही. पण राहा असा हट्टही धरला नाही, कारण हट्ट धरला असता तर विचारण्याला काय अर्थ राहिला असता?

निघायच्या दिवशी जिन्याच्या तोंडाशी तो सवयीने तिला उचलायला पुढे झाला आणि मध्येच थांबला.

“हात धरू, की नुसता मागे राहू?”

“मागे राहा,” आई म्हणाली.

ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागली. मध्येच टेकत होती, कण्हत होती, पायऱ्या बांधणाऱ्याला शिव्या घालत होती. धाकटा एक पायरी मागे राहून, हात मोकळे ठेवून, तिच्या चालीने उतरत होता. खाली पोचायला फार वेळ लागला. कोणी घाई केली नाही.

माझ्या बंधुभगिनींनो, आपण सगळी प्रेमळ माणसं आहोत. म्हाताऱ्यांना सावलीत बसवतो, मुलांच्या वाटा आखून देतो, सुनांच्या ताटात न मागता वाढतो. माया कमी नाही आपल्यात, विचारण्याची रीत कमी आहे. न विचारता केलेल्या मायेत माणूस खाऊनपिऊन एकटा पडतो, आणि तक्रारही करू शकत नाही, कारण सगळं त्याच्या भल्याचंच असतं. म्हणून घरातल्या माणसाला विचारा. आलेलं उत्तर आपल्याला आवडेलच असं नाही, कदाचित ते आपल्याला एकटं पाडेल. तरीही विचारा, आणि विचारल्यावर ऐकायला थांबा.